तिथी बघून कोर्लई : रेवदंडा, चौल, कोर्लई एका दिवसात

खाडीकाठ

गेल्या महिन्यात आम्ही चौघं कोर्लईला जाऊन आलो. मी, नवरा, आठवीतली लेक आणि त्र्याहत्तर वर्षांचे सासरे. सकाळी मुंबईतून निघून रात्री परत. इथे अलिबाग-काशीदवर बरेच धागे आहेत, पण त्या दोहोंच्या मधला हा पट्टा गाडीच्या काचेतून बघून लोक पुढे निघून जातात. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

गेटवेहून पहाटेची पहिली लाँच धरली. हिवाळ्यात लाँचमागे कुरव पक्ष्यांचा थवा लागतो, तो बघताना मांडवा कधी आलं ते कळलंही नाही. बसने अलिबाग, आणि सासरे बरोबर असल्यामुळे तिथून दिवसभरासाठी रिक्षा ठरवली. रेवदंडा साधारण सतरा-अठरा किलोमीटर. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या. उन्हाचे कवडसे रस्त्यावर पडतात तेवढेच, बाकी सगळी सावली.

आधी रेवदंडा. हा किल्ला म्हणजे गावाभोवतीचा कोट आहे, रस्ताच वेशीतून आत जातो. पोर्तुगीजांनी इथे १५१६ मध्ये वखार घातली आणि १५२१ पासून कोट बांधायला घेतला. आत आता माडांची बनं आहेत आणि त्या बनांतून मध्येच एखादी चर्चची भिंत, एखादी कमान वर आलेली दिसते. सातखणी म्हणतात तो मनोरा उंच, एकाकी उभा आहे. सात मजले आता उरलेले नाहीत, पण खाली उभं राहून मान वर केली की टोपी पडते. किनाऱ्याकडच्या तटाला वडा-पिंपळाच्या मुळांनी असं धरून ठेवलंय की तट मुळांना सांभाळतो की मुळं तटाला, ते सांगता येणार नाही. लेकीने तिथे अर्धा तास काढला.

मग कुंडलिकेवरचा साळावचा पूल ओलांडून कोर्लई. समुद्रात घुसलेला लांब, अरुंद डोंगर, त्याच्या पाठीवर किल्ला, टोकाच्या अलीकडे दीपगृह. रस्ता कोळीवाड्यातून जातो, दोन्ही बाजूंना होड्या, जाळी, वाळत घातलेली सुकट. दीपगृहाच्या मागून पायऱ्या वर चढतात. पंधरा मिनिटांत माथा. एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये आपण. दोन्ही पाण्यांचा रंग वेगळा. वर पावसाच्या पाण्याचं टाकं, छप्पर गेलेलं चर्च, दगडात कोरलेली पोर्तुगीज अक्षरं आणि राजचिन्हं. एकामागून एक दरवाजे ओलांडत उतरत गेलं की अगदी पाण्याजवळची बातेरी, म्हणजे तोफांचा बुरूज, येते. किल्ला इतका चिंचोळा आहे की बहुतेक ठिकाणी दोन्हीकडचे तट एकाच नजरेत येतात.

आता चूक सांगते, कारण धागा काढायचं निम्मं कारण तेच आहे. आम्ही कोर्लईला पोचलो साडेबाराला. सासरे दीपगृहापाशी सावलीत बसले, आम्ही तिघं खालच्या खडकांवर उतरलो. खळग्यांतल्या पाण्यात समुद्रफुलं उघडलेली होती. लेकीने पाण्यात सावली पाडली की ती झटकन मिटायची. एक शंख चालू लागला, त्यातून खेकड्याचे पाय बाहेर आलेले. आम्ही उकिडवे बसून तेच बघत राहिलो. चपला मागे एका सपाट खडकावर काढून ठेवल्या होत्या. वरून एक कोळीण मावशी ओरडल्या, "पानी भरतंय, वर या पयलं!" मागे वळून बघितलं तर ज्या वाटेने आलो ती वाट गुडघाभर पाण्यात आणि चपला नाहीत. मावशींनी दुसऱ्या बाजूने वाट दाखवली म्हणून धडपणे वर आलो. त्यांचा पहिला प्रश्न होता, "आज तिथ कोनती, बघून नाय निघालात?"

मग त्यांनी हिशोब सांगितला. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. उत्तर येईल त्या वाजता भरती. त्या दिवशी पंचमी होती. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास आधी, पावणेदहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. आम्ही त्या वेळी रेवदंड्यात तट बघत होतो. तट दुपारीही तिथेच असणार होता!

उतरल्यावर सासऱ्यांना शोधायला गेलो तर ते दीपगृहापाशी नव्हते. रिक्षावाल्या दादांनी त्यांना पाणी प्यायला गावात नेलं होतं. चर्चच्या पायऱ्यांवर एका आजींशी गप्पा मारत बसले होते. आजी त्यांच्याशी आपल्यासारख्याच मराठीत बोलत होत्या. तेवढ्यात त्यांचा नातू धावत आला आणि आजी त्याच्याशी काहीतरी बोलल्या. सासरे म्हणाले, "कोंकणी का?" आजी हसल्या, म्हणाल्या, "नाही, ही आमची." सासरे परतीच्या वाटेवर तेच बोलत होते. त्यांच्यासाठी किल्ल्यापेक्षा ते मोठं होतं, आणि आता मलाही तसंच वाटतं.

चौल घाईत झालं. रामेश्वराची पुष्करणी तेवढी पाहिली. त्याबद्दल इथले जाणकार लिहितील अशी आशा आहे.

पुळणीतला_खेकडा

सुंदर लिहिलंय. चपलांवर निभावलं हे बरं झालं.

मावशींचं गणित बरोबर आहे, आमच्याकडेही तेच वापरतात. शुद्ध असो वा वद्य, तिथी पंधरापर्यंतच मोजायची. अंदाजात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून खडकांवर उतरायचं असेल तर भरतीचं छापील कोष्टकही बघावं. आणखी एक. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त मागेही जातं. पण त्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर भरती बाराच्या आसपास येते, त्यामुळे मोठी ओहोटी पहाटे नाहीतर संध्याकाळी सहाला. मुंबईहून जाणाऱ्याला ती साधत नाही. उलट अष्टमीला भर दुपारी ओहोटी मिळते, पण तेव्हा भांग असतो, पाणी फार मागे हटत नाही. म्हणून चतुर्थी-पंचमी हेच मधले सोयीचे दिवस. नऊ ते दहाच्या मध्ये ओहोटी आणि खडकही बऱ्यापैकी उघडे.

रेवदंड्याच्या पुळणीवर ओल्या वाळूत मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसली असेल. बिळापासून किरणांसारख्या ओळी निघालेल्या असतात. बोटाच्या पेराएवढा खेकडा ती करतो. वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. दोन ओहोट्यांच्या मधल्या भरतीत सगळं पुसलं जातं. लेकीला पुढच्या वेळी न हलता पाच मिनिटं बसायला सांगा, तो बाहेर येतो.

भाषेचा_नाद

सासऱ्यांनी जे ऐकलं त्याला तिथले लोक 'नो लिंग' म्हणतात. म्हणजे 'आपली भाषा'. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संसर्गातून घडलेली ही बोली जगात कोर्लईतच बोलली जाते. बोलणारे साधारण हजारभर लोक.

जरा विचार करा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि १७४० च्या तहात चौल-रेवदंडा-कोर्लई मराठ्यांकडे आलं. पोर्तुगीज सैन्य, पाद्री, अधिकारी निघून गेले. मागे राहिली ती इथलीच माणसं, धर्म बदललेली, किल्ल्याच्या आधाराने राहणारी. त्यांचा राज्यकर्त्यांशी संबंध तुटला, पण भोवतालच्या गावांशी रोटीबेटीचा व्यवहारही नव्हता. त्या वेगळेपणात भाषा घरात टिकली, पावणेतीनशे वर्षांहून जास्त. मात्र शेजार मराठीचा. त्यामुळे शब्द बरेचसे पोर्तुगीज असले तरी क्रियापद आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी जाऊन बसलं. पोर्तुगीजमध्ये ते तिथे नसतं. शब्द एकाचे, बसायची पद्धत शेजाऱ्याची. मला ही गोष्ट फार हृद्य वाटते.

आणि देवाणघेवाण दोन्हीकडून झाली. आपण सकाळी उठून पाव आणतो, चावी शोधतो, इस्त्री करतो, महिनाअखेरीला पगाराची वाट बघतो. परात, घमेलं, बटाटा, काजू. हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले.

आता मुलं मराठी आणि इंग्रजी शाळांत जातात, नोकरीला बाहेर पडतात. भाषा किती टिकेल याची काळजी अभ्यासक करतात आणि तिथले लोकही करतात.

नांगर

लेख आवडला. एक दुरुस्ती सुचवतो. कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांनी मुळातून बांधला असं बरेच जण समजतात (तुम्ही तसं लिहिलेलं नाही). १५९४ मध्ये या डोंगरावर तटबंदी उभारली ती अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने. कारण साधं होतं. समोर खाडीपलीकडे रेवदंड्यात पोर्तुगीज बसले होते, आणि खाडीच्या तोंडावरच्या या डोंगरावरून त्यांच्या जहाजांची वाट रोखता येत होती. त्याच वर्षी पोर्तुगीजांनी हल्ला करून डोंगर घेतला आणि पुढे आज दिसतो तसा किल्ला उभा केला. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी चौलला वेढा घातला होता, तेव्हा हे ठाणं पडलं नाही.

त्याहून आधीची एक लढाई वाचकांना ठाऊक नसते. १५०८ साली याच खाडीच्या तोंडाशी इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार आणि दीवच्या मलिक अयाझची गलबतं यांनी मिळून पोर्तुगीजांना हरवलं. व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो त्यात मारला गेला. बापाने पुढच्या वर्षी दीवला सूड घेतला, आणि त्यानंतर समुद्रावर पोर्तुगीजांना रोखणारं फारसं कुणी उरलं नाही. किल्ल्याच्या टोकाच्या बातेरीवर उभे होतात ना, तिथून ते पाणी दिसतं.

आगरवाडी

खाडीकाठ, चौल घाईत झालं हे वाचून जीव हळहळला. माझं माहेर चौलचं.

आमच्या गावाचं नाव दोन हजार वर्षांपासून परदेशी लोकांच्या लिखाणात आहे. ग्रीकांनी सिमुल्ला लिहिलं, अरबांनी सैमूर, कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत चेमुल. दहाव्या शतकात अल मसूदी येऊन गेला. आणि १४६९ च्या सुमारास रशियातल्या त्वेर गावचा अफानासी निकितिन इथे उतरला, विकायला एक घोडा घेऊन. त्याने लिहून ठेवलंय की जिथे जाईन तिथे लोक गोरा माणूस बघायला मागे येतात. तो इथून पालीवरून जुन्नरला गेला आणि पावसाळ्यात तिथेच अडकला. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधीची ही गोष्ट. रेवदंड्यात शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे.

एवढं मोठं बंदर गेलं कुठे, असं सगळे विचारतात. खाडी गाळाने भरत गेली, व्यापार सुरत-मुंबईकडे सरकला. उरल्या त्या वाड्या. माझ्या लहानपणी विहिरीवर रहाट होता. बैल फिरायचा, गाडग्यांतून पाणी पन्हाळीत पडायचं आणि पाटाने पोफळींच्या मुळाशी जायचं. त्या लाकडी करकरीवर आम्ही झोपायचो आणि त्यावरच उठायचो. आता पंप आहे.

रामेश्वराला गेलात तर मंडपातली कुंडं नुसती बघून पुढे जाऊ नका. पर्जन्यकुंड, वायुकुंड, अग्निकुंड अशी नावं आहेत. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायचं, असं जुनी माणसं सांगत. आणि पाय चालत असतील तर दत्ताचा डोंगर नक्की करा. पायऱ्या बऱ्याच आहेत, पण वरून वाड्यांचं हिरवं छत आणि पलीकडे समुद्र असं दिसतं की दम विसरायला होतं. दत्तजयंतीला तिथे पाच दिवस जत्रा असते.

शिलालेख_वेडा

रिक्षा करून गेलात तर वाटेत आक्षी लागली असेल. थांबलात का?

आक्षीचा शिलालेख म्हणजे आपल्या भाषेचा जन्मदाखलाच म्हणा. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असं त्याचं वाचन शं. गो. तुळपुळे यांनी केलं. कालावर मतभेद आहेत, पण अनेक अभ्यासक हा लेख श्रवणबेळगोळच्या मराठी ओळींपेक्षाही जुना मानतात. त्यात शिलाहार राजा केसीदेवरायाला पश्चिम समुद्राचा अधिपती म्हटलंय. हजार वर्षांपूर्वी याच रस्त्याकडेला कुणीतरी मराठीत दगडावर लिहिलं आणि ते आपल्याला अजून कळतं. बरीच वर्षं तो दगड ऊन-पावसात तसाच पडून होता, आता त्याची नीट व्यवस्था झालीय. तुमच्या लेकीला जरूर दाखवा.

खाडीकाठ

नांगर, भाषेचा_नाद, आगरवाडीताई, सगळ्यांचे मनापासून आभार. सासऱ्यांना सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. 'नो लिंग' हे नाव त्यांनी डायरीत लिहून ठेवलं.

आक्षीला थांबलो नाही. पाटी दिसली होती, "येताना बघू" म्हटलं, आणि येताना अंधार झाला. ही दुसरी चूक.

वाटसरू७

एक विनंती. कोर्लईची भाषा ऐकायची म्हणून गावात फोन उघडून फिरू नका. मी दोन वर्षांपूर्वी बघितलं, एक टोळकं दारात उभं राहून "जरा बोलून दाखवा ना" म्हणत होतं. घरातली बाई संकोचून आत गेली. तुमच्या सासऱ्यांसारखं बसून चार गोष्टी बोला, विचारपूस करा. ऐकू आलं तर आलं.

दुसरं, दीपगृह आत जाऊन बघता येतं, पण त्याच्या वेळा असतात. आम्ही दुपारी गेलो तर बंद होतं. आणि रेवदंड्यात आम्ही जेवलो त्या खानावळीने पापलेट म्हणून हलवा वाढला, पैसे पापलेटचे घेतले. तेव्हा ऑर्डर देण्याआधी मासा कच्चा दाखवायला सांगा. हल्ली जिताडा मिळाला तर तोच घ्यावा, खाडीचा मासा आहे, अष्टागरची, म्हणजे अलिबाग-रेवदंड्याच्या या पट्ट्याची, खरी चव ती.

शनवारतेली

मी इस्राएलमध्ये अश्दोदला राहते. मराठी वाचता येतं, लिहायला वेळ लागतो, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी आजी रेवदंड्याची. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमचे लोक शेकडो वर्षांपूर्वी नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले असं आम्हाला लहानपणापासून सांगतात. नवगावला त्यांचं दफनस्थान आहे. गावोगाव घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. मला ते नाव आवडतं, म्हणून इथे तेच घेतलंय.

रेवदंड्यात आमचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, आहे, बेथ एल. आजीचं लग्न तिथे झालं. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नबीचा, म्हणजे प्रेषित एलियाचा, टाप आहे, खडकावरची खूण. नवस फेडायला तिथे जात. घरात अजून मलिदा होतो. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओला नारळ, फळं. आजी पोह्यांना पाणी लावताना अंदाज हाताने घ्यायची, "मुठीत दाबल्यावर सुटे राहिले पाहिजेत" म्हणायची. ती इथे येऊन पन्नास वर्षं राहिली, पण स्वप्नं मराठीत पडतात असं सांगायची.

तुमच्या लेखात माडांची बनं वाचली आणि ती डोळ्यांसमोर आली. पुन्हा गेलात तर सिनेगॉगच्या दाराचा एक फोटो टाकाल का?

आगरवाडी

शनवारतेली, लिहिण्यात एकही चूक नाही बाई. आमच्या आळीत तुमच्यातलं एक कुटुंब होतं. त्यांच्याकडून मलिद्याचं ताट आमच्याकडे यायचं आणि आमच्याकडून संक्रांतीला तिळगूळ जायचा. मी सहा-सात वर्षांची असताना ते गेले. जायच्या दिवशी सगळी आळी एस.टी.पर्यंत पोचवायला गेली होती. त्या काकूंनी त्यांच्या दारातलं अबोलीचं रोप आईला दिलं. त्याचा वंश माझ्या अंगणात अजून आहे.

पुळणीतला_खेकडा

खाडीकाठ, पुन्हा जायचं ठरलं तर क्रम उलटा करा. आधी कोर्लई, खडक आणि किल्ला उन्हाआधी. मग रेवदंडा, मग दुपारभर चौल, परतताना उजेडात आक्षी. एकच बघा, वद्य चतुर्थीला संकष्टी येते. घरात कुणाचा उपास असला तर जिताडा राहून जाईल, म्हणून पंचमी बरी.

खाडीकाठ

ठरलंच आहे. येत्या वद्य पंचमीला. या वेळी चपलांऐवजी पट्ट्याचे सँडल, पायातून काढायचेच नाहीत असं लेकीने बजावलंय. शनवारतेलीताई, दाराचा फोटो नक्की काढते, आणि आत जाऊ दिलं तर आतलाही. सासऱ्यांनी त्या दिवशी आजींना विचारून त्यांचा आणि नातवाचा एक फोटो काढला होता. त्याची प्रत छापून आणलीय त्यांनी, आजींना द्यायला.

आगरवाडी

पंचमीला मी चौललाच आहे. वालाच्या शेंगा आता भरल्यात आणि भांबुर्डीही बांधाला भरपूर आहे. दुपारी जेवायला बाहेर कुठे थांबू नका, अंगणात पोपटी लावते, शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासोबत मडक्यात भाजून. सासरे अंडं-कोंबडी खातात का ते तेवढं कळवा, म्हणजे मडकं एक लावायचं की दोन ते बघते.

खाडीकाठ

ताई, दोन लावा. ते शाकाहारी आहेत, आम्ही तिघं नाही. अबोलीची एक फांदी मिळेल का? लेक विचारते आहे.